दुर्बीण म्हणजे नेमकं काय?

(सोलापूर येथे विडी कामगार महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत मी सहज विचारलं होतं, दुर्बीण म्हणजे काय? एका शाळकरी मुलीनं पटकन सांगितलं, 'लांबचं जवळ दिसतं ते नळकांडं. त्यातून चंद्र बघतात.' शेजारी तिची आजी विड्या वळत बसली होती. ती म्हणाली, 'चंद्राचं काय घेऊन बसलीस? दुर्बीण म्हणजे मूल बंद करायचं आपरेशन.' दोघी आपापल्या जागी बरोबरच होत्या. आज या एका शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

शब्द मूळचा फारसी. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे बघणारा. पुस्तकात 'दूरदर्शक' आला, पण बोलण्यात दुर्बीणच राहिली. 'दुर्बीण लावून शोधलं तरी सापडणार नाही' असं आपण म्हणतोच. गॅलिलिओनं १६०९ मध्ये ती आकाशाकडे वळवली. पोटात घालायची नळी खरं तर लांबचं काहीच बघत नाही, पण डोळ्याला लावायचं नळकांडं म्हणून तिलाही तेच नाव पडलं.

बेंबीजवळ लहानसा छेद घेतात, पोटात वायू भरून जागा करतात आणि भिंग व दिवा असलेली नळी आत सोडतात. नसबंदी असेल तर दोन्ही गर्भनलिकांवर कडी बसवतात. पण तशाच नळीतून नुसती तपासणीही होते, पित्ताशय काढतात, गर्भपिशवीही काढतात. म्हणजे दुर्बीण हे हत्याराचं नाव आहे, कामाचं नाही. सुरी वापरली एवढंच सांगितलं तर भाजी चिरली की हात कापला, हे कसं कळणार?

आपल्या पूर्व भागातली एक बाई माझ्याकडे आली होती. घरात तेलुगू, मराठी कामापुरती. 'माझी दुर्बीण झालीय, तरी पाळी चुकली,' म्हणाली. कागद पाहिले तर पोटदुखीसाठी नुसती तपासणी झाली होती. नसबंदी नव्हतीच. तिला सांगितलं होतं 'दुर्बीण करू', तिनं तिच्या गल्लीतला अर्थ घेतला आणि अंगठा दिला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण पाचवं बाळंतपण तिच्या वाट्याला आलं आणि नवऱ्याचा संशयही. मी एम.एस.डब्ल्यू. करताना संमतीवर पानंच्या पानं लिहिली होती. या एका शब्दावर एक ओळ नव्हती.

उलटंही होऊ शकतं. तपासणी समजून सही करायची आणि पिशवी गमावून घरी यायचं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण इतकं वाढलं, की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

शिबिरांचं तर विचारू नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीनं नसबंदी केली. त्या दिवसांत तिथल्या शिबिरांनंतर तेराहून कमी नव्हे इतक्या बायका दगावल्या. एका पथकानं दिवसात ३० पेक्षा जास्त करू नयेत, हा नियम तेव्हाही होता. पुढे १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला. आणि पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी याहून सोपी! तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली, आणि नवऱ्याची झालीय असं सांगणाऱ्या ०.३ टक्के. इथं मात्र खरंच दुर्बीण लावून शोधावं लागतं.

दोन गोष्टी पदराला बांधून ठेवा. नसबंदीला नवऱ्याची सही लागत नाही, तुमची लागते, आणि कागद तुमच्या भाषेत समजावून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाळंतपणानंतर लगेच दुर्बीण करत नाहीत, सहा आठवडे जाऊ देतात. लगेच करायचं असेल तर टाक्याचं करतात.

तीच बाई परवा सुनेला घेऊन दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'दुर्बीण करावी लागेल.' हिनं विचारलं, 'दुर्बिणीनं काय करणार? बघणार, बांधणार का काढणार?' डॉक्टरीणबाईंनी पेन घेतलं आणि केसपेपरच्या मागं पिशवीचं चित्र काढून दाखवलं. तो कागद तिनं मला आणून दिलाय. चहा झाला की सगळ्याजणी मिळून बघू.