राखीव छत्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी मंडळाने मला लोणच्यावर बोलायला सांगितले होते. यंदा विषय मी स्वतः मागून घेतला. तो ऐकून पुष्कळजणी हसल्या. सातवी शिकलेली, चुलीपुढची बाई आकाशात उडण्यावर काय बोलणार? हसणे रास्त आहे. आपल्या देगलुरात उडताना दिसतात ते पतंग आणि लेंडीकाठचे बगळे. पण संकट घरात येऊन खाटेवर निजले, म्हणजे न शिकलेले माणूसही शिकते.

माझ्या अक्काचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी तो लोणावळ्याजवळच्या कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग शिकला. म्हणजे कापडाचा मोठा पंख दोऱ्यांनी अंगाला बांधायचा, डोंगरउतारावर धावायचे आणि वाऱ्यावर तरंगायचे. पहिली दोन वर्षे सारे नीट चालले. मग त्याला कसरतीची हौस आली. शिकवणाऱ्यांनी बजावले होते की, असले प्रकार जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पाण्यावर, खाली होडी तयार ठेवूनच शिकायचे असतात. याने ऐकले नाही. एके संध्याकाळी डोंगरावरच गरगर फिरायला गेला. पंखाची एक बाजू मिटली, दोऱ्यांना पीळ पडला आणि तो भोवऱ्यासारखा खाली येऊ लागला.

त्याच्याजवळ राखीव छत्री होती. ती उघडलीही. पण उशिरा उघडली, आणि पायाची दोन हाडे मोडली. अक्काकडे करणारे कोणी नाही, म्हणून तीन महिने तो माझ्या घरी होता. मी त्याला विचारले, "लेकरा, छत्री जवळ होती, मग लवकर का नाही उघडलीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, वाटलं पंख आत्ता सुधारेल. आणि खाली सगळे मित्र बघत होते. छत्री उघडली असती तर हसले असते."

भगिनींनो, त्या उत्तराने मला झोप लागेना. माझ्या अक्काचा एकुलता एक मुलगा, चार लोक हसतील म्हणून मरणार होता! मग मी रोज त्याच्या उशाशी बसून सगळे विचारून घेतले. त्याने माझी ओढणी आणि भाजीची पिशवी घेऊन मला समजावले. तेच आज तुम्हाला सांगते.

पॅराग्लायडरचे थोरले भावंड म्हणजे हँग ग्लायडर. त्याला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो, वर कापड ताणलेले, आणि माणूस खाली झोळीत पालथा लोंबकळतो. या पंखाची कूळकथा ऐकून तुम्हाला आनंद होईल. १९४८ साली अमेरिकेत रोगालो नावाच्या नवराबायकोने असा मऊ पंख तयार केला. त्याचा पहिला नमुना गर्ट्रूडबाईंनी स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडातून शिवला होता! आकाशात गेलेला हा पंख आपल्यासारख्याच एका बाईच्या सुईतून निघाला.

पुढे लोक या पंखावर बसून कोलांट्या घेऊ लागले, आणि तेथेच घात होतो. कोलांटीच्या माथ्यावर वेग कमी पडला, तर पंख हवेला धरत नाही. उलटा झालेला माणूस आपल्याच पंखावर कोसळतो, नळ्या मोडतात, आणि सगळे यंत्र उलट्यापालट्या खात खाली येते. १९७० नंतरच्या वर्षांत हँग ग्लायडरच्या अपघातांत पुष्कळ तरुण गेले. तेव्हापासून अंगावर राखीव छत्री बांधण्याची चाल पडली.

ही छत्री आपोआप उघडत नाही. छातीशी किंवा बाजूला पिशवीत घडी असते, तिला एक मूठ असते. मूठ आधी डोळ्यांनी पाहायची, घट्ट धरायची, ओढायची आणि मोकळ्या हवेकडे जोराने फेकायची. मोडक्या पंखात फेकली तर ती गुंतून बसते. गरगर फिरताना अंग इतके जड होते की, हात मुठीपर्यंत नेणेही कठीण. म्हणून जमिनीवर असतानाच डोळे मिटून मूठ शोधायचा सराव करतात. घडीही ठराविक मुदतीने उलगडून, वारा देऊन पुन्हा घालावी लागते. आपण रेशमी लुगड्याची घडी मोडून ठेवतो ना, तसेच.

आणि वेळ किती मिळतो? वरून दगड सोडला तर १०० मीटर खाली यायला साडेचार सेकंद लागतात. पोळी उलथायलाही एवढा वेळ लागतो. म्हणून जाणते उडणारे म्हणतात, उंची हीच गाठीची पुंजी; ती असेतोवर छत्री फेका.

या छत्रीच्या इतिहासातही एक शिवणारी बाई आहे. जर्मनीतल्या केटे पाउलुस या शिवणकाम करीत. १८९४ साली त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा होणारा नवरा छत्री न उघडल्याने मेला. बाई खचल्या, पण पुन्हा उभ्या राहिल्या. त्या फुग्यातून उडी घेत, एक छत्री उघडत, ती सोडून देत आणि दुसरी उघडून उतरत. पिशवीत घडी करून बसणारी छत्री त्यांनी बनवली, आणि पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी सुमारे ७,००० छत्र्या तयार केल्या. कितीतरी आयांची मुले त्यामुळे परत आली असतील!

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर पहिली उडी घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी मारली. पण एवढ्या धाडसी बाईंच्या पाठीवरही छत्र्या दोन असतात. धाडस करणाऱ्याला दुसरी छत्री बाळगण्याची लाज वाटत नाही.

आता घरची गोष्ट. माझी मुलगी पुण्यात शिकते. भाच्याचा पाय बरा होतो न होतो, तोच ती म्हणाली, "आई, मलाही उडायला शिकायचंय." घरात सगळे अंगावर आले. माझ्याही पोटात गोळा उठला. दोन रात्री विचार केला आणि मी हो म्हटले. अट एकच घातली: "कसरत शिकायची तर पाण्यावर, गुरूसमोर. आणि पंख बिघडला की कोण बघतंय हे पाहायचं नाही, मूठ ओढायची. लोक हसले तर हसू देत. हसण्यानं हाडं मोडत नाहीत."

भगिनींनो, हे मी तिला सांगितले, आणि मग मलाच आठवले की मी स्वतः सहा महिने छातीतली गाठ लपवून ठेवली होती. लोक काय म्हणतील, आपोआप बरी होईल, असे मीही म्हणत होते. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले. गाठ साधी निघाली. पण ती साधी नसती, तर माझीही छत्री उशिरा उघडली असती.

आपल्यापैकी कितीजणी असे दुखणे, कर्ज, घरातला मार मुकाट्याने अंगावर काढत असतील! हे मंडळ आपली राखीव छत्री आहे. उंची आहे तोवर तिची मूठ ओढा, एवढीच माझी विनंती.



जय हिंद!