गॅलरीतल्या उशा आणि चार महिन्यांचा पाऊस



सिल्वासाच्या शेजारी, दमणगंगेच्या काठी वसलेले आमचे अथाल हे एके काळी निव्वळ शेतीभातीचे गाव होते. पुढे आसपास पॉलिएस्टर धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने उभे राहिले व त्यांच्या मागोमाग दोन-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांच्या इमारती आल्या. अंगण गेले, गॅलरी आली. त्या हातभर गॅलरीत एक झोपाळा, दोन वेताच्या खुर्च्या आणि त्यांवरच्या उशा, एवढेच काय ते आपले वैभव! पण या उशा सांभाळणे वाटते तितके सोपे नाही, हे मी स्वतः चुकून शिकले.

एका वर्षी पहिल्या सरीचे तुषार उशांवर उडाले. वरून त्या कोरड्या भासल्या, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मी त्या माळ्यावर टाकल्या. दिवाळीच्या सफाईत पिशवी सोडली, तो खोलीभर कुबट वास पसरला. उशांवर काळ्या बुरशीचे ठिपके धरले होते. घरातल्या दम्याच्या मुलाला त्या रात्री झोप म्हणून लागली नाही. तेव्हा मला उमगले की, हा प्रश्न केवळ टापटिपीचा नव्हे, श्वासाचा आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की, प्लास्टिकने ओल अडते. बाहेरची ओल अडते हे खरे. पण आत राहिलेली ओलही तेथेच कोंडली जाते, आणि बुरशीला ओल व कोंदट हवा याहून अधिक काही लागत नाही. म्हणून आधी पुरते वाळवावे, मगच ठेवावे. वाळवण्याची रीत मात्र भरणाप्रमाणे बदलते. साध्या कापसाची उशी कडक उन्हात घालावी, दर तासाने उलटावी. सावरीचा कापूस पाणी सहजी शोषीत नाही, पण त्याचे तंतू ठिसूळ असतात. तो भिजवून पिळू नये, केवळ ऊन दाखवावे. फोमची गोष्ट याच्या उलट आहे. ज्या पॉलियुरेथेनपासून हा फोम होतो, ते १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम तयार केले. त्याला प्रखर ऊन सोसत नाही. तो पिवळा पडतो व कालांतराने त्याचा भुगा होतो. फोम भिजला तर पिळू नये. दोन तळहातांत दाबून पाणी काढावे, आणि वाऱ्याच्या सावलीत काठावर उभा करावा. आतपर्यंत वाळावयास त्याला एखादा दिवस पुरत नाही.

वाळला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. उशी तासभर बंद कपाटात ठेवून मग नाकाशी धरावी. किंचित जरी कुबट वास आला, तरी पुन्हा वाऱ्यावर ठेवावी.

आता जागेचा प्रश्न. जुन्या सुती चादरीच्या पिशव्या शिवाव्यात. त्यांतून हवा खेळते. दिवाणाखाली किंवा कपाटाच्या माथ्यावर उशा पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. एकीवर एक रचल्या तर तळची चेपते, आणि फोम फार काळ चेपून राहिला की पुन्हा पूर्ववत फुगत नाही. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडावे, कारण पावसाळ्यात भिंतींना ओल येते. महिन्यातून एकदा उघडीप पाहून साऱ्या बाहेर काढाव्यात. आणि जून ते सप्टेंबर झोपाळ्यावर उशी हवीच कशाला? एक चटई पुरे. भिजली तर दोरीवर टाकता येते.

बुरशी धरलीच, तर उशी खोलीत झटकू नये. नाकातोंडाला फडके बांधून ती गॅलरीत ब्रशाने साफ करावी. अभ्रा धुऊन टिकतो. पण बुरशी फोमच्या आत शिरली असेल, तर लोभ न धरता तो टाकून द्यावा.

येथेच एक गोष्ट मनात येते. कापसाची उशी दबली की पिंजाऱ्याला हाक मारावी, तो धनुकलीने कापूस पिंजून देई आणि तीच उशी नवी होई. फोम पुन्हा पिंजता येत नाही. तो गेला की गेला. तेव्हा नवी उशी घेताना तिच्या रंगाबरोबर तिच्या पोटात काय आहे, हेही दुकानदाराला विचारावे. आपल्या गॅलरीत तिला ऊन मिळणार की वारा, हे पाहूनच ती घरी आणावी, एवढे सुचवून मी आपली रजा घेते.