साथी सुटला, औषध सुटायला नको

(तालुका कार्यकर्ता शिबिरात दुपारच्या सत्रात झालेलं भाषण. बोललं तसंच लिहून घेतलं आहे.)



सकाळपासून आपण दाव्यांबद्दल बोलतोय. कुणी कसत होता चार एकर, पट्टा आला वीस गुंठ्यांचा. कुणाचा दावा अजून उपविभागीय समितीत पडून. आता मी उठून आजारपणाचं बोलणार, तर काही जणांना वाटेल, ह्याला काय झालं? पण हे आजारपणही त्याच भांडणातून आलंय. जमीन नांगरली म्हणून वनखात्याची केस, अडवलं म्हणून सरकारी कामात अडथळ्याची केस, आणि मग जामीनदार मिळेपर्यंत आपली माणसं महिनोन् महिने आत. आत जाताना धडधाकट गेलेला माणूस बाहेर येताना काय घेऊन येतो, हे आपण कधी विचारलं नाही.

मी स्वतःचंच सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

मी पाच महिने आत होतो. तिथं एका ब्लेडवर चार-चार जणांच्या दाढ्या होतात. कुणी सुई तापवून हातावर नाव गोंदून घेतं. एकदा तपासणीचं शिबिर झालं, सगळ्यांचं रक्त घेतलं. मला सांगितलं, तुला सी ची कावीळ आहे. मी म्हटलं, डोळे तर पांढरे आहेत! डॉक्टर म्हणाले, ही तशी कावीळ नाही. पुन्हा रक्त पाठवलं, नक्की झालं, गोळ्या सुरू झाल्या. बारा आठवडे घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही.

सहाव्या आठवड्यात जामीन झाला. ऑर्डर पोचली संध्याकाळी. तोवर दवाखान्याचा कंपाउंडर घरी गेलेला, कपाटाला कुलूप. तुम्ही बाहेर ढोल घेऊन उभे. हार, गुलाल, घोषणा. गोळ्यांची बाटली राहिली कपाटात, माझा कागद राहिला फायलीत. तुम्ही विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. घरी पेरणी चालली होती. दोन आठवडे गेले. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो तर म्हणाले, आधीचा कागद आणा. कागद कुठं? आत! शेवटी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, गोळ्याही पहिल्यापासून. मी बरा झालो, ते नशीब. माझ्याबरोबर सुटलेल्या दुसऱ्या एका साथीचं तसं झालं नाही. त्याला बी ची होती. त्याच्या गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच. वर्षभरात पोटात पाणी झालं. बैल विकले, आणि ज्या जमिनीसाठी तो आत गेला ती आज दुसराच कसतोय. पट्ट्याची जमीन विकता येत नाही, पण तोंडी गहाण टाकता येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता हे नीट समजून घ्या. आपल्या पाड्यावर कावीळ म्हणजे डोळे पिवळे, लघवी पिवळी. भगत मुळ्यांची माळ घालतो, माळ लांबत जाते, कावीळ उतरते. पावसाळ्यात खराब पाण्यानं होणारी ती कावीळ बहुतेक आपोआपच उतरते. बी आणि सी वेगळ्या आहेत. त्या रक्तातून जातात: ब्लेड, सुई, गोंदण. संबंधातूनही जातात, बी तर जास्तच. आईकडून बाळालाही जातात. वर्षानुवर्षं काही दिसत नाही, आतल्या आत लिव्हर खराब होतं. माळ घालायची तर घाला, माझ्या आईनं मलाही घातली होती. पण गोळी सोडू नका.

सी बरी होते. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, तेव्हा कळतं पूर्ण गेली की नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा. बोटातून थेंब घेऊन करतात ती तपासणी बरं झाल्यावरही ‘आहे’ असंच दाखवते, कारण ती जुनी खूण असते. तेवढ्यावरून घाबरू नका, विषाणू मोजायची तपासणी करायला सांगा. आणि बरा झाला म्हणून पुन्हा दुसऱ्याचं ब्लेड वापरलं तर पुन्हा होते.

बी चं तसं नाही. सगळ्यांना गोळी लागत नाही, पण अधूनमधून तपासणी सगळ्यांनाच लागते. ज्यांना गोळी लागते त्यांना पुष्कळ वर्षं लागते, काहींना जन्मभर. ती मनानं बंद केली तर आजार एकदम उसळतो. घरच्यांची तपासणी करायची, ज्यांना नाही त्यांना लस द्यायची. बाळाला पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत. म्हणून बाळंतपण दवाखान्यात करा, असं बाया सांगतात ते उगाच नाही.

दारूचंही बोलतो, बायांनी टाळ्या वाजवायची गरज नाही. याहामोगीला मोहाची धार द्यायची असते, ती द्या. देवीची देवीला द्या. पण ज्याचं लिव्हर दुखावलंय त्यानं स्वतः एक घोटसुद्धा घ्यायचा नाही.

औषधाला पैसे पडत नाहीत. 2018 पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, बी आणि सी ची तपासणी आणि गोळ्या फुकट. अडचण पैशाची नाही, मधल्या तुटण्याची आहे. तुरुंगाचं फाटक आणि दवाखान्याची खिडकी यांच्यामध्ये आपला माणूस हरवतो. दिवाळी झाली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, तिथं तर तो सापडतच नाही.

पण साथींनो, तारीख सांभाळायला आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? आपल्या ऑफिसात तारखांची वही आहे. कुणाची केस कधी, कुणाचा जामीनदार कोण, सगळं त्यात आहे. कोर्टाची तारीख चुकली तर वॉरंट निघतं म्हणून आपण रात्री जीप करून माणूस पोचवलाय. माझं म्हणणं एवढंच, त्याच वहीत गोळीची तारीख लिहा.

भेटीला जाल तेव्हा केसबरोबर हेही विचारा: रक्त तपासलं का, काय निघालं, गोळी चालू आहे का, किती उरल्या. वकिलांना सांगा, जामिनाच्या अर्जाबरोबरच तपासणीचे कागद मिळावेत म्हणून तुरुंग अधीक्षकांना अर्ज द्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, त्याला सांगा. महिन्याभराच्या गोळ्या हातात देऊनच सोडा, अशी मागणी आधीच लेखी गेली पाहिजे. सुटायच्या संध्याकाळी ऐकायला कुणी नसतं. फाटकावर हार घालण्याआधी पिशवीत हात घालून बघा, बाटली आहे का.

सुटलेल्याला बहुतेक ठाण्यात हजेरी लागते. ज्या दिवशी हजेरी, त्याच दिवशी दवाखाना, म्हणजे एका भाड्यात दोन कामं. तालुकाबंदी असेल किंवा ऊसतोडीला जायचं असेल, तर आधी दवाखान्यातून पत्र घ्या. कार्यक्रम सगळ्या देशाचा आहे, तिकडच्या दवाखान्यातही गोळ्या मिळायला हव्यात.

आणि हे गावसभेत मोठ्यानं वाचायचं नाही. एकत्र जेवल्यानं, एका खाटेवर बसल्यानं ही कावीळ लागत नाही, पण लोक ताट वेगळं करतात. माझं दोन महिने वेगळं होतं, माझ्याच घरात. म्हणून वहीचं ते पान एकाच माणसाकडे राहील, आणि ज्याचं नाव आहे त्याला विचारूनच लिहायचं.

येत्या आठवड्यात आपले तीन साथी सुटणार आहेत. त्यातल्या एकाच्या गोळ्या चालू आहेत, त्यानं मला सांगायची परवानगी दिली आहे. फाटकावर कोण जाणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याला दवाखान्यात कोण नेणार? दोन नावं पाहिजेत. हात वर करा, म्हणजे आत्ताच लिहून घेतो.