जूनची बस, फेब्रुवारीची बस

(देवपूर, धुळे येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



कंपन्यांचे स्वयंसेवक आदिवासी भागात जंगल राखायला येतात, त्याविषयी बोलावे असे पाळकसाहेबांनी मला सांगितले. आपली कितीतरी मुले पुण्या-नाशिकच्या कंपन्यांत आहेत, म्हणजे विषय घरचाच आहे. पण आधी माझी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी ५ जूनला एका कंपनीची बस मी साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावर नेली. टोप्या, बॅनर, रोपे, सगळे होते. पाऊस मात्र नव्हता. खानदेशात ५ जूनला जमीन तव्यासारखी असते, हे मला कळायला हवे होते. मुलांनी मन लावून काम केले. खड्डे खणायला जागा हवी म्हणून त्यांनी उतारावरची झुडपे साफ केली. संध्याकाळी एक म्हातारेबाबा आले. तोडलेल्या झुडपांकडे पाहत म्हणाले, "ताई, हे तण नव्हतं. सागाचे, टेंभुर्णीचे फुटवे होते. खाली मूळ जुनं आहे. चार वर्षं बकऱ्या आवरल्या असत्या, तर आपोआप झाड झालं असतं."

आमची रोपे होळीपर्यंत वाळली. तोडलेले फुटवे मात्र पुन्हा फुटले. त्या दिवशी गावाला कोणी विचारलेच नव्हते. विचारायचे काम माझे होते.

त्याच तालुक्यात बारीपाडा आहे. श्री. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी बातमी वाचली. १९९०च्या दशकात त्या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, आणि स्वतः पाळली. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल गाव सांभाळते. तिथल्या राखणीचा मोठा भाग म्हणजे हात आवरणे. असे काम फोटोत दिसत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत मशागत आणि राखण अशी दोन कामे दिली आहेत. आपल्या बॅनरवर पहिलेच असते.

रानपिंगळ्याचेच पाहा. हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणा अभ्यासकाला दिसले नव्हते. ११३ वर्षांनी, १९९७ साली, ते शहाद्याजवळ सापडले. तेव्हा शहादा आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. ते जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालते. यंदा लावलेल्या रोपाला ढोली कुठून येणार? त्याला हवे ते आज उभे असलेले जुने झाड.

मग कंपनीच्या मुलांनी येऊच नये का? यावे. मोठ्या, नफ्यातल्या कंपन्यांना कायद्याने नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, पण कर्मचाऱ्यांच्या वेळेचे पैसे त्या खर्चात धरता येत नाहीत. म्हणजे त्या मुलाचा दिवस हे खरोखरचे दान आहे. ते वाया जाऊ नये एवढेच.

गेल्या वर्षी आम्ही बस फेब्रुवारीत नेली. आधी ग्रामसभेत बसलो. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाची राखण हा गावाचा हक्क आहे, तेव्हा काम काय आणि कुठे, हे गावाने ठरवले. मुलांनी बायांच्या हाताखाली जाळरेषा काढली, म्हणजे वणवा पुढे जाऊ नये म्हणून पट्ट्यातले वाळके गवत आणि पाला काढून टाकला. दुपारनंतर घाणेरी उपटली. कोणते झुडूप काढायचे आणि कोणते ठेवायचे, हे एक शाळकरी पोरगी संगणकवाल्या साहेबांना शिकवत होती. साहेब दोनदा चुकले, आणि तिने दोन्ही वेळा ओरडून थांबवले. रोप एकही लावले नाही. कंपनीने दोन राखणदारांची तीन वर्षांची मजुरी द्यायचे कबूल केले. पहिल्या वर्षाची आली आहे. बाकीच्यासाठी मी त्यांच्या दारात पुन्हा जाणार आहे, आणि तुमच्यापैकी कोणाची तिथे ओळख असेल तर सांगा.

म्हातारेबाबा त्या फेब्रुवारीतही आले होते. काही बोलले नाहीत. उतारावर गेले, एक फुटवा हाताने मोजला. त्यांच्या कंबरेपर्यंत आला होता.

पुढची बस येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाला देवपुरातून निघेल. नावे उपासनेनंतर माझ्याकडे द्यावीत. रोपे आणू नका. घाणेरीला काटे असतात, जाड हातमोजे आणा.