इनटेक बदलायचाय? आधी सेन्सरचं ऐका

आज बोलूया आफ्टरमार्केट एअर इनटेकबद्दल, आणि उदाहरणाला घेऊ टोयोटाची जीआर ८६. दोन दारांची, मागची चाकं फिरवणारी, टर्बो नसलेली छोटी स्पोर्ट्स कार.

एक हिशेब करू. इंजिन २.४ लिटरचं. फोर-स्ट्रोक, म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदाच सगळे सिलिंडर हवेने भरणार. कंपनी २२८ हॉर्सपॉवर सांगते ती ७००० आरपीएमला. तिथे हवा लागते मिनिटाला साधारण ८४०० लिटर, म्हणजे सेकंदाला १४०. आंघोळीच्या वीस लिटरवाल्या सात बादल्या, दर सेकंदाला! त्यामुळे "हवेची वाट मोकळी करा, ताकद वाढेल" हे कोणालाही पटतं.

पण कंपनीचा डबा काही अडाण्यांनी बनवलेला नाही. तो रेडिएटरच्या वरून, पुढच्या जाळीतून थंड हवा घेतो. तो काढून नुसता शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला, तर इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार. हवा तीन अंशांनी तापली की घनता साधारण एक टक्क्याने घटते. २५ ऐवजी ५५ अंशांची हवा आत गेली तर नऊ टक्के हवा तिथेच गेली. नाव कोल्ड एअर इनटेक, काम हॉट एअर इनटेकचं! म्हणून जाहिरातीतला "इतके हॉर्सपॉवर वाढले" वाचताना विचारा, टेस्टच्या वेळी बॉनेट उघडं होतं का? पुढे मोठा पंखा लावला होता का? ट्रॅफिकमध्ये यातलं काहीच नसतं.

आता खरा मुद्दा. माझा एक मित्र सॅन होजेला असतो, पुण्याचाच पोरगा. गाडी लोनवर, वॉरंटी चालू, आणि साडेतीनशे डॉलरचा किट कार्टमध्ये. मला म्हणाला, "अरे, पाइप जाड आहे, म्हणजे चांगलाच असणार ना?" मी म्हटलं, "थांब. त्या पाइपमध्ये सेन्सर बसतो."

त्याचं नाव मॅफ सेन्सर. आत एक तापवलेली बारीक तार असते, हवा जाताना ती थंड होते आणि त्यावरून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. गंमत अशी की सेन्सर सगळी हवा मोजतच नाही. तो मधल्या थोड्याशा हवेचा वेग बघतो, बाकी सगळं एका टेबलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. टेबलने पाइपची जाडी गृहीत धरलेली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन तेच ठेवलं आणि इनपुटचं युनिट गुपचूप बदललं. एरर येत नाही, उत्तर चुकतं.

समजा, ७० मिलिमीटरच्या जागी ७६ चा पाइप आला. क्षेत्रफळ सुमारे १८ टक्के वाढलं, तेवढ्याच हवेचा वेग घटला, सेन्सर १५ टक्के कमी हवा सांगणार. ईसीयू पेट्रोलही कमी सोडणार. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि पेट्रोल वाढवून घेतो. पण पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की ईसीयू बहुतांशी त्या टेबलवरच विसंबतो. मिश्रण पातळ, नॉकिंगचा धोका, मग ईसीयू इग्निशन मागे घेणार. पैसे मोजून ताकद कमी केली म्हणायची.

म्हणून निवडताना मी आधी दोनच गोष्टी बघतो. एक, सेन्सरजवळचा पाइप मूळ मापाचा आहे का, की नवं ट्यून लागतं? दुसरी, फिल्टर बंद डब्यात आहे का? कॅलिफोर्नियात तिसरी गोष्टही आहे: कार्ब या सरकारी संस्थेचा ईओ नंबर. तो नसेल तर स्मॉग तपासणीत बॉनेट उघडताच गाडी नापास होऊ शकते. वॉरंटीचं मात्र लोक उगाच घाबरवतात. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानुसार, नुसता बाहेरचा पार्ट दिसला म्हणून डीलर पूर्ण वॉरंटी उडवू शकत नाही. बिघाड त्या पार्टमुळे झाला, हे त्याला दाखवावं लागतं.

बसवणं तासाभराचं काम आहे. इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. मॅफ काढताना तारेला बोट लावू नका, रबरी रिंग जाग्यावर आहे ना बघा. क्लॅम्प ढिला राहिला तर सेन्सरच्या पुढून न मोजलेली हवा आत शिरते. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर तेल अगदी बेताने, नाहीतर ते उडून तारेवर बसतं.

आणि हे सगळं करायच्या आधी ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घ्या. आठवडाभर मूळ डब्यावर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम'चा लॉग ठेवा. मग बदल करा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा बघा. उणे-अधिक पाचच्या आत असेल तर झकास. दहाच्या वर गेलं तर आधी गळती शोधा, ती नसेल तर किट परत करा. मित्राचा आकडा आधी दोन होता, बंद डब्याच्या किटनंतर तीन. ताकद? त्याला काही कळली नाही. आवाज मात्र ४५०० च्या पुढे असा येतो की तो आता मुद्दाम गिअर उशिरा बदलतो. माझ्या मते या गाडीत साडेतीनशे डॉलर आवाजासाठीच द्यायचे असतात, आणि तसं देण्यात काही वाईट नाही.

मुंबई-पुण्यात कुठल्याही गाडीला इनटेक लावणाऱ्यांसाठी एकच: फिल्टर बंपरच्या आत खाली नेणारा किट नको. साचलेलं पाणी फिल्टरपर्यंत आलं तर इंजिन ते ओढतं, पाणी काही दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. टो करून न्या आणि आधी स्पार्क प्लग काढून बघायला सांगा.