मुलांचा मलावरोध आणि वडीलधाऱ्यांचा धाक
(चौसाळा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वार्षिक मेळाव्याचा क्रम ठरलेला आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांची माहिती वाचली जाते, जमाखर्च मंजूर होतो आणि शेवटी कोणी तरी वडीलधारा गृहस्थ समाजाच्या उन्नतीवर चार शब्द बोलतो. यंदा ते काम चालकांनी आम्हांवर सोपविले. उन्नतीचा विषय आम्हीही टाळणार नाही. मात्र तिचा आरंभ आम्ही जरा निराळ्या ठिकाणी, म्हणजे परसदारी, करणार आहोत. आजचा आमचा विषय आहे लहान मुलांचा मलावरोध. आपल्या घरांतील बायका त्यास ‘पोराला खडा धरतो’ असे म्हणतात.

विषय ऐकून मागच्या बाजूस थोडी खसखस पिकली, ती आम्ही ऐकली. तीत नवल नाही. ज्या गोष्टीविषयी चारचौघांत बोलू नये असा संकेत असतो, ती घरातही कोणी नीट बोलत नाही आणि तिच्यापायी लेकरू मुकाट्याने सोशीत राहते. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. आज जे सांगणार आहोत ते जाणत्या डॉक्टरांकडून ऐकलेले आणि आमच्याच घरी, आमच्याच चुकीने, अनुभवास आलेले आहे.

आमचा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. ऐन उन्हाळ्यात त्यास ताप आला आणि चार दिवस त्याने अन्नपाणी जवळजवळ सोडले. ताप उतरला, परंतु त्यानंतर शौचास दगडासारखा खडा झाला, चीर पडली, रक्ताचा थेंब दिसला. त्या दिवशीची त्याची किंकाळी अजून आमच्या कानांत आहे. पुढे तो शौचास बसेचना. कळ आली की दाराआड जाऊन उभा राही, पाय एकमेकांवर आवळी, टाचा उचली आणि तोंड लालबुंद करी. आम्ही समजलो, पोर कुंथते आहे पण होत नाही. वस्तुस्थिती उलट होती. ते कुंथत नव्हते. दुखेल या भयाने आलेली कळ सर्व शक्तीनिशी परतवून लावीत होते. एवढी एक गोष्ट तेव्हा उमगली असती तर पुढचे सहा महिने वाचले असते.

मग उपाय सुरू झाले. कोणी साबणाची कांडी सुचविली, कोणी विड्याच्या पानाचे देठ तेलात बुडवून लावावयास सांगितले. आमच्या लहानपणच्या रिवाजाप्रमाणे दर रविवारी एरंडेल सुरू झाले. एरंडेलाने पोटात मुरडा येऊन एकदा कोठा मोकळा होई, आम्ही सुटलो म्हणून निःश्वास टाकीत असू आणि पुन्हा आठ दिवस सामसूम. काही दिवसांनी त्याच्या चड्डीस वरचेवर पातळ डाग पडू लागले. घरात सर्वांनी निदान केले की आता हगवण लागली, आणि हगवण थांबविण्याचे औषध दिले गेले. म्हणजे ज्यास मलावरोध झाला होता, त्यास अधिक मलावरोध होईल अशी आम्ही व्यवस्था केली!

एका लग्नात, भर पंगतीत, त्याचे कपडे खराब झाले. पाहुणे हसले. आम्हांस अपमान वाटला आणि आम्ही त्या पोरास चापट मारली. घरी आल्यावर सूनबाईंस बोल लावला की, मुलास वळण नाही. त्यानंतर तो कपडे लपवू लागला, जेवण तोडू लागला आणि आजोबांच्या खोलीत येईनासा झाला. हे सर्व या व्यासपीठावरून सांगताना आम्हांस सुख वाटत नाही. परंतु असे घर आमचे एकट्याचेच असेल असेही वाटत नाही.

शेवटी बीडला एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याचे पोट हलक्या हाताने चाचपले आणि बेंबीच्या डाव्या अंगास, खाली, आमचाच हात धरून ठेवला. आत घट्ट गोळा लागत होता. हा साठलेला मळ आहे, आणि तुम्ही ज्यास हगवण म्हणता ते याच गोळ्याच्या कडेने पाझरणारे पातळ द्रव्य आहे, ते त्याच्या इच्छेने होत नाही, असे त्यांनी सांगितले. मूल हट्टी नसून भ्यालेले आहे, हे त्यांनी पहिल्या भेटीत ओळखले. आम्ही तीस वर्षे मुले शिकविली. आम्हांस ते ओळखता आले नाही.

आता या विकाराचे चक्र समजून घ्यावे. मोठ्या आतड्याचे एक काम म्हणजे मळातील पाणी शोषून घेणे. मूल शौच रोखून धरते तेव्हा मळ आत अधिक काळ राहतो, अधिक सुकतो, मोठा व कठीण होतो. तो बाहेर पडताना अधिक दुखतो, म्हणून मूल पुढच्या वेळी अधिक रोखते. असे महिने गेले की मलाशय ताणले जाते आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग मुलास ‘तुला कळत कसे नाही?’ असे विचारणे म्हणजे बधिर झालेल्या बोटास चटका का जाणवला नाही असे विचारण्यासारखे आहे.

हा विकार दुर्मिळ नाही. जगभरातील पाहण्यांचा मेळ घातला तर दहा मुलांमागे जवळजवळ एकास तो आढळतो, आणि अशा शंभर मुलांतील नव्वदांहून अधिक मुलांत शरीररचनेचा दोष अथवा दुसरा रोग नसतो. कारण असते ते हे भयाचे चक्रच. ते बहुधा तीन प्रसंगी सुरू होते: वरचे अन्न सुरू होते तेव्हा, शौचाचे वळण लावावयास घेतो तेव्हा आणि मूल शाळेत जाऊ लागते तेव्हा. उलटपक्षी, केवळ अंगावर पिणारे तान्हे बाळ चार-सहा दिवस शौचास गेले नाही, परंतु खेळते आहे, पिते आहे, वाढते आहे आणि होईल तेव्हा मऊ होते, तर तो मलावरोध नव्हे. त्यास औषधे पाजू नयेत.

उपचाराविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पचनविकार शाखेने आणि तिच्या सहयोगी संस्थेने २०१८ साली मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली आहेत. त्यांचा मथितार्थ सोपा आहे. प्रथम साठलेला गोळा औषधाने पूर्ण बाहेर काढावयाचा. त्यानंतर मळ रोज मऊ राहील असे औषध कित्येक महिने चालू ठेवावयाचे. आणि जोडीला बसण्याची सवय व आहार सुधारावयाचा. औषध म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पाण्यात विरघळणारी पूड प्रथम पसंतीची आहे. एक वर्षाखालील बाळांस लॅक्टुलोज देतात. ही औषधे मळात पाणी धरून ठेवतात. त्यांची सवय जडेल, आतडे आळशी होईल, ही भीती निराधार आहे. मात्रा वजनाप्रमाणे असते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी.

येथे आमच्यासारखी पुष्कळ मंडळी चुकतात. चार दिवस मऊ झाले की आपण औषध बंद करतो. ताणलेले मलाशय पूर्ववत होण्यास आणि दुखल्याची आठवण पुसली जाण्यास महिने लागतात. योग्य उपचारानेही सहा ते बारा महिन्यांत सुमारे निम्मीच मुले औषधाविना राहू शकतात. इतरांस अधिक काळ लागतो. म्हणून औषध हळूहळू कमी करावे, एकदम सोडू नये.

बसण्याचे वळण दोन वर्षांच्या पुढे लावावे. जेवणानंतर आतड्यास स्वाभाविकच चालना मिळते. म्हणून न्याहारीनंतर आणि जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे मुलास बसवावे. झाले तर शाबासकी द्यावी, न झाले तर एक अक्षर बोलू नये. आपल्या आज्या-पणज्या पाय लांब करून बसत आणि बाळास आपल्या दोन पावलांवर बसवीत, ते शास्त्रशुद्ध होते: गुडघे वर, पायांस आधार आणि पाठीस आईचा स्पर्श. आता शहरातील घरांत खुर्चीवजा भांडी आली. तेथे मुलाचे पाय लोंबकळतात आणि त्यास नीट जोर करता येत नाही. पायांखाली एक पाट ठेवला की काम झाले. खेड्यातील संडास अंधारा असेल तर दिवा लावावा आणि दारात कोणी तरी उभे राहावे.

आहाराचे म्हणाल तर आपण ज्वारीच्या मुलखातले लोक. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच मैद्यात ३ ग्रॅमही नसतो. मुलाच्या वयाच्या वर्षांत पाच मिळवावे, तितके ग्रॅम चोथा त्यास रोज हवा, असा साधा हिशेब सांगतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलास आठ ग्रॅम. भाकरी-वरण, मेथीची भाजी, एखादा पेरू अथवा बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ एवढ्यात तो पुरा होतो. परंतु आज आपल्या घरांत भाकरी मोठ्यांच्या ताटात आणि चहा-बिस्कीट पोरांच्या हातात, अशी वाटणी झाली आहे. महामार्गावरच्या दुकानांत टांगलेल्या पुड्यांच्या माळा तर सर्वांच्या परिचयाच्या आहेतच. दुधाचाही अतिरेक नको; दिवसास अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणारे मूल जेवत नाही आणि त्याचा कोठा बांधला जातो. पाणी वेळोवेळी द्यावे, विशेषतः आपल्याकडील उन्हाळ्यात. तथापि एकदा गोळा साठल्यावर केवळ पाणी, केळे किंवा मनुका यांनी तो निघत नाही. तेथे औषधच हवे.

आता काय करू नये ते सांगतो. साबण, देठ, बोट यांपैकी काहीही वारंवार लावू नये. ज्या जागेचे मुलास भय आहे तिथेच आपण पुन्हा दुखवितो. एरंडेलाचा साप्ताहिक रेच बंद करावा. एक वर्षाखालील बाळास गुटीबरोबर अथवा कोठा साफ व्हावा म्हणून मध चाटवू नये. त्यातून तान्ह्या बाळांस क्वचित् गंभीर विषबाधा होते. आणि मारणे, हिणविणे, इतर भावंडांशी तुलना करणे हे तर पूर्ण वर्ज्य समजावे.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की घरी थांबू नये. जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत बाळाने काळा मळ टाकला नसेल, पोट फार फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, पायांत अशक्तपणा असेल, किंवा मलावरोध पहिल्या महिन्यातच सुरू झाला असेल, तर विनाविलंब बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. आतड्याच्या मज्जातंतूंचा जन्मजात दोष, ज्याचे वर्णन डेन्मार्कचे डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली केले, तो अशाच लक्षणांनी ओळखू येतो आणि शस्त्रक्रियेने दूर होतो.

एक गोष्ट शिक्षक म्हणून कबूल केली पाहिजे. वर्गात मूल करंगळी दाखवी तेव्हा ‘आत्ताच बरी लागली!’ असे म्हणून आम्ही त्यास पुष्कळदा खाली बसविले. शाळेतील संडासात पाणी नसे, कडी नसे. मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोखून धरीत आणि पाणीही पीत नसत. आम्ही त्यास शिस्त समजलो. आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. त्यांची मुले फडाशेजारच्या कोपीत राहतात, तिथे आडोसाही नसतो. त्या मुलांच्या पोटात काय साठत असेल, याचा विचार आम्ही नातवाच्या दुखण्यापूर्वी कधी केला नव्हता.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. आपल्या कार्यालयाच्या आवारात मुलांसाठी एक स्वच्छ, उजेडाचे, पाण्याची सोय असलेले शौचगृह बांधावे; पुढच्या मेळाव्याच्या मंडपखर्चातून थोडी काटकसर केली तरी ते होईल. आणि आपल्या समाजातील जे शिक्षक-शिक्षिका आज येथे बसले आहेत त्यांनी एवढाच नेम करावा की, बाहेर जाऊ मागणाऱ्या मुलास कधीही नाही म्हणणार नाही.

आमच्या नातवाचे औषध चौदा महिने चालले. आता तो सात वर्षांचा आहे आणि आज याच मंडपात कोठे तरी धावतो आहे. त्यास ती चापट आठवत नाही असे त्याची आई म्हणते. आम्हांस आठवते, तेवढे पुरे आहे. बंधुभगिनींनो, घरी गेल्यावर दाराआड पाय आवळून उभे असलेले एखादे पोर दिसले, तर त्यास रागे भरण्यापूर्वी जवळ घ्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या. एवढे सांगून आपली रजा घेतो.