पाय धुण्याची सेवा



संयोजकांनी मला 'ख्रिस्ती शिष्यत्व आणि सेवा' हा विषय दिला. आपल्या वर्गात ख्रिस्ती घरातली मी एकटीच, म्हणून तो माझ्या वाट्याला आला असावा. मी पाळक नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे प्रवचन करणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कामाबद्दल बोलते. शिष्यत्व म्हणजे काय, हे मला त्या कामामुळे कळलं.

आपली शकुंतला गाडी मूर्तिजापूरहून अचलपूरला जायची. त्याच भागात, परतवाड्याजवळ, कोठारा आहे. तिथे लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. ही संस्था १८७४ मध्ये वेलस्ली बेली या आयरिश माणसाने सुरू केली. बेली डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. अंबाल्याच्या शाळेत शिकवत असताना त्यांनी कुष्ठरोग्यांच्या झोपड्या पाहिल्या आणि त्यांच्या आयुष्याची वाट बदलली. हॅन्सनने नॉर्वेत या रोगाचा जंतू १८७३ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी शोधला होता. खात्रीचं औषध कुठेच नव्हतं. आपण या माणसाला बरं करू शकणार नाही, हे माहीत असूनही लोक या सेवेत उतरले.

माझी मावशी एका मिशन दवाखान्यात परिचारिका होती. या रोगाने बोटं झडतात असं लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलं होतं. मावशीने मला खरं काय ते सांगितलं. जंतू नसांवर हल्ला करतो, हातापायाची संवेदना जाते. मग पऱ्हाटीचं धसकट पायात घुसलं तरी कळत नाही. चुलीवरचा तापलेला गंज उघड्या हाताने उचलला तरी चटका लागत नाही. माणूस तसाच चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं, की बराचसा नाश रोगाने थेट होत नाही, वेदना हरवल्यामुळे होतो.

माझ्या कामात याचा अर्थ लगेच समजतो. यंत्रणेत बिघाड झाला की अलार्म वाजतो, रात्री दोनला फोन येतो, आपण वैतागतो. पण खरी भीती अलार्मच बंद पडण्याची असते. वरून सगळं ठीक दिसतं आणि आत नुकसान चालू असतं. बधिर पायाचं तसंच आहे. त्या पायाला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे लागतात.

म्हणून या सेवेतलं रोजचं काम फार साधं आहे. पाय पाण्यात भिजवायचे, कडक कातडी हळूच घासायची, तेल लावायचं आणि बोटांच्या फटीतसुद्धा नीट पाहायचं. पायात मऊ रबराच्या तळव्याची चप्पल हवी. उद्या पुन्हा तेच. मावशी म्हणायची, "पाय कोणीबी धुते वं पोरी, पाहाले टाईम लागते."

आता शिष्यत्वाकडे येते. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे. प्रभू येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते काम घरातल्या गड्याचं. पेत्राला संकोच वाटतो, तो आधी नाही म्हणतो. प्रभू त्यांना सांगतो, की मी केलं तसं तुम्हीही एकमेकांसाठी करा. शिष्य कोण, तर हे करणारा.

त्या पंगतीत यहूदाही होता. तो विश्वासघात करणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी त्याचेही पाय धुतले गेले. "मिशनवाले सेवा करतात ती धर्म वाढवायलाच ना?" हा प्रश्न मला कॉलेजात अनेकदा विचारला गेला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला या प्रसंगात सापडतं. समोरच्याने आपलं व्हावं अशी अट घातली, की ती सेवा राहत नाही, सौदा होतो.

आणि ही सेवा एका धर्माची मक्तेदारीही नाही. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हातांना काम दिलं. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोठारा आणि तपोवन एकाच जिल्ह्यात आहेत. प्रेरणा निरनिराळ्या, पण काम एकच. आपण वऱ्हाडची माणसं म्हणून दोन्हींचा अभिमान बाळगावा.

आज परिस्थिती बदलली आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच संसर्ग थांबतो. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं. औषध जंतू मारतं. पण बरा झालेला माणूस घरी परतला आणि त्याचं ताट वेगळं वाढलं गेलं, तर त्यावर गोळी नाही. तिथून पुढचं काम डॉक्टरांचं नाही, आपलं आहे.

आपल्या बॅचने निधी जमवला, चांगलं केलं. मीही दिला. पण पैसे देऊन झालं की आपण मोकळे होतो. त्यापलीकडच्या दोन गोष्टी मागते. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी मुलांच्या अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर वर्गात चर्चा न करता पालकांना शांतपणे दवाखान्यात पाठवावं. आणि बाकी सगळ्यांनी, घरच्या लग्नाची यादी करताना, आजारामुळे वगळलेलं एखादं नाव असेल तर ते परत लिहावं. तो आला की त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवावं.

एवढं आपल्या बॅचकडून झालं, तर सेवेवर भाषण करायला पुढच्या वेळी माझी गरज पडणार नाही.